जुलैमधला कपड्यांचा धडा

रायगडच्या किनाऱ्यावर मुलांना कपड्यांचे आणि चपला-बुटांचे इंग्रजी शब्द शिकवायचे असतील, तर ते जुलैत शिकवावेत असं माझं ठाम मत आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे कोळीवाड्यातल्या मुलांचे वडील घरी असतात. कातकरीवाडीवरची मुलंही याच दिवसांत नियमित शाळेत येतात. दिवाळीनंतर त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांकडे निघाले की मुलांनाही जावं लागतं. आणि पावसामुळे कपडे हा प्रत्येक घरातला रोजचा विषय झालेला असतो. काय भिजलं, काय वाळलं, उद्या काय घालायचं, हे सगळ्यांच्याच तोंडी असतं.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, मुरूड तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. तिसरी-चौथीचा वर्ग सरांकडे आणि पहिली-दुसरी माझ्याकडे. इंग्रजी मात्र चारही इयत्तांचं मीच घेते. जुलैमधला असाच एक दिवस इथे मांडते आहे.

सकाळी ६

स्वयंपाक चुलीवर-गॅसवर चढवला की मी टोपली भरायला घेते. तिच्यात एक पुरुषी सदरा, एक स्कर्ट, दोन टोप्या, मोज्यांच्या जोड्या, जुने बूट, रबरी चपला, सँडल, मोठा रेनकोट आणि एक ओढणी असते. सगळं धुतलेलं, घरातून आणि शेजारपाजारून जमवलेलं. एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. टोपलीतले सगळे कपडे मोठ्या माणसांच्या मापाचे असतात, म्हणजे पहिलीतलं मूलही ते आपल्या कपड्यांवरून चढवू शकतं.

यामागे कारण आहे. कपड्यांच्या धड्यात हमखास दिला जाणारा सराव असा असतो: शेजारच्या मुलाकडे बघा आणि त्याने काय घातलं आहे ते इंग्रजीत सांगा. वरवर पाहता सोपा, पण आमच्या वर्गात एकाच्या अंगात थोरल्या भावाचा सदरा असतो, एकीच्या फ्रॉकची शिवण उसवलेली असते, एखाद्याकडे बूट घरीही नसतात. सगळ्या वर्गाने बोट दाखवून आपल्या अंगावरच्या वस्तूंची नावं घ्यावीत, हे ज्या मुलाला नको असतं ते मान खाली घालतं, आणि मान खाली घातलेलं मूल त्या दिवशी एकही शब्द शिकत नाही. म्हणून माझ्या तासाला शब्द टोपलीतून निघतो. मुलाच्या अंगावरून तो मी कधीच काढत नाही. मूल बोलायला लागलं आणि त्याला स्वतःलाच आपल्या नव्या फ्रॉकबद्दल सांगावंसं वाटलं, तर तो आनंद वेगळा.

टाचणात आजचे शब्द लिहून ठेवते: रेनकोट, कॅप, सॉक्स, शूज, वेट, ड्राय. शर्ट आणि स्कर्ट एकाच दिवशी शिकवत नाही. थॉमस टिंकहॅम या अभ्यासकाने १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत दिसून आलं की एकाच जातीच्या शब्दांची यादी एकदम दिली, तर शिकणाऱ्याच्या मनात ते एकमेकांत मिसळतात. एकाच प्रसंगाने बांधलेले शब्द मात्र लवकर लक्षात राहतात. कपड्यांचे वीस शब्द एका तक्त्यावर लावण्यापेक्षा पावसात बाहेर पडण्याचा प्रसंग घ्यावा आणि त्याला लागतील तेवढेच शब्द द्यावेत, हे मला पटलेलं आहे. स्कर्ट टोपलीत असला तरी आज तळाशीच राहणार.

सकाळी ८.३०

अलिबागहून मुरूडकडे जाणारी एसटी. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही गावं ओळीने लागतात आणि मग साळावचा पूल. दोन्ही बाजूंच्या नारळी-पोफळीच्या वाड्या पावसात न्हाऊन निघालेल्या असतात.

चौल लागलं की मला कपडेच आठवतात. हे एके काळी नावाजलेलं बंदर होतं आणि इथलं रेशमी व सुती कापड दूरवर जात असे. सतराव्या शतकात इथले विणकर मुंबईत इंग्रजांच्या आश्रयाला जाऊन स्थायिक झाले. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी याच बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. त्याच्या प्रवासवर्णनात या किनाऱ्याबद्दल आधी येतो तो लोकांचा पेहराव: उघडी डोकी, एका वेणीत बांधलेले केस, राजाच्या डोक्याला आणि कमरेला गुंडाळलेलं वस्त्र. नव्या मुलखात पाय ठेवलेल्या माणसाची नजर सगळ्यात आधी समोरच्याच्या कपड्यांवर जाते. चौथीच्या मुलांना मी ही गोष्ट सांगते. त्यांनाही उद्या अनोळखी गावात, अनोळखी भाषेत, समोर दिसेल ते सांगावं लागणार आहे, आणि तिथे कपड्यांचे शब्द सर्वांत आधी लागतात.

सकाळी ९.४५

शाळेच्या व्हरांड्यात छत्र्या उघड्या ठेवलेल्या, दोरीवर रेनकोट लटकवलेले, पायरीवर रबरी चपलांची रांग. २०२३-२४ या वर्षापासून शासनाने पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायला सुरुवात केली. त्यासाठी प्रत्येकी १७० रुपयांची तरतूद झाली. ते बूट मुलं जपतात. जुलैत मात्र ते बहुतेक घरांत माळ्यावर नाहीतर चुलीजवळ असतात, कारण एकदा भिजले की चार दिवस वाळत नाहीत. मुलं रबरी चपला घालून येतात, काही अनवाणी येतात.

वर्गात सगळेच अनवाणी असतात, मीसुद्धा. चपला बाहेर काढून आत यायची आपली पद्धत इथे माझ्या मदतीला येते, कारण आत आल्यावर कुणाच्या पायात काय होतं हा प्रश्नच उरत नाही. दारात उभी राहून मी प्रत्येकाला एकच वाक्य म्हणते, ‘टेक ऑफ युअर चप्पल्स, प्लीज.’ चप्पल हा शब्द मी बदलत नाही. तो इंग्रजी शब्दकोशात केव्हाच जाऊन बसला आहे. अनवाणी आलेल्या मुलाला मी म्हणते, ‘कम इन, ड्राय युअर फीट,’ आणि पायपुसणं दाखवते. दोघांनाही एकेक सूचना मिळाली, दोघांनीही ती पाळली. रोज तेच वाक्य त्याच जागी ऐकून महिनाभरात मुलं ते एकमेकांना म्हणायला लागतात.

सकाळी १०.३०

परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष. शेवटी एक इंग्रजी वाक्य. आज चौथीतली एक मुलगी म्हणते, ‘इट इज रेनिंग. माय रेनकोट इज वेट.’ सगळे तिच्यामागून म्हणतात. वाक्य खरं असल्यामुळे पाठ करावं लागत नाही.

सकाळी ११

पहिली-दुसरीचा तास. जून २००० पासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. तेव्हापासून सहा वर्षांच्या मुलाला परकी भाषा कशी द्यायची हा प्रश्न गावोगावच्या शिक्षकांपुढे आहे. मला सर्वांत उपयोगी पडली ती जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेली पद्धत. शिक्षकाने सूचना द्यायची, मुलांनी अंगाने कृती करायची, आणि मूल आपणहून बोलेपर्यंत त्याच्याकडून बोलण्याची अपेक्षा धरायची नाही. कपड्यांइतका या पद्धतीला जुळणारा दुसरा विषय नाही, कारण कपडा म्हणजे मुळातच कृती: घालायचा, काढायचा, झटकायचा, वाळत टाकायचा.

टोपली मधोमध ठेवते. ‘पुट ऑन द कॅप,’ असं म्हणत मी स्वतः टोपी घालते. ‘टेक ऑफ द कॅप.’ काढते. तीनदा झाल्यावर एका मुलाला खुणेने बोलावते आणि तीच सूचना देते. तो टोपी घालतो, ती नाकापर्यंत येते, वर्ग हसतो आणि तोही हसतो, कारण टोपी मोठी आहे हे सगळ्यांना दिसतं आहे. मग मोजे, मग रेनकोट. पुढच्या टप्प्यावर सूचना मिसळते: ‘पुट द सॉक ऑन युअर हँड.’ मोजा हातात घालायचा? क्षणभर शांतता आणि मग एकीच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसतं. नुसत्या सवयीने कृती करणारं मूल मोजा पायातच घालतं; शब्द ऐकणारं मूल हातात घालतं. मुलाला शब्द कळला की नाही हे मला इथे समजतं, लेखी चाचणीची गरज पडत नाही.

उच्चाराकडे मी आत्तापासूनच लक्ष देते. शूजमधला शेवटचा ज हा ‘जाळं’मधला आहे, ‘जेवण’मधला नव्हे, एवढं सांगितलं की कोळीवाड्यातली मुलं तो अचूक उच्चारतात. जाळं हा शब्द त्यांच्या घरात दिवसातून कितीदा तरी येतो. सॉक्समधला शेवट मात्र ‘स’च राहतो. हा फरक पहिलीत कानाला बसला की पुढे पाचवी-सहावीत तो मुद्दाम दुरुस्त करावा लागत नाही.

दुपारी १२.१५

तिसरी-चौथी. इथे शब्द जवळजवळ सगळे माहीत असतात. ‘तुम्हाला येणारे कपड्यांचे इंग्रजी शब्द सांगा,’ म्हटलं की फळा भरतो: शर्ट, पँट, फ्रॉक, स्वेटर, जॅकेट, टॉवेल, बटन, बेल्ट. रायगडच्या मुलाला इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा फळा बघावा. अडचण शब्दांची नाही. हे शब्द वाक्यात बसवायचे कसे, तिथे मुलं अडतात.

पहिली अडचण एक आणि अनेकाची. मराठीत ‘ही माझी पँट’ आणि ‘हे माझे बूट’. इंग्रजीत पँटही अनेकवचनी: ‘दीज आर माय पँट्स.’ मुलं विचारतात, एकच तर आहे बाई, मग असं का? मी दोन पाय दाखवते. दोन पाय एकत्र शिवलेले, म्हणून इंग्रजी त्यांना जोडीतच मोजतं. पँट्स, ट्राउझर्स, शॉर्ट्स, पायजमाज, सगळ्यांना हा एकच नियम. मग दोन पाट्या ठेवते. एकीवर ‘धिस इज’, दुसरीवर ‘दीज आर’. टोपलीतली वस्तू उचलायची, योग्य पाटीसमोर ठेवायची आणि वाक्य म्हणायचं. एक सुटा मोजा मुद्दाम ठेवलेला असतो. ‘धिस इज अ सॉक.’ त्याचा जोडीदार सापडला की दोन्ही उचलून दुसऱ्या पाटीकडे पळायचं. ‘दीज आर सॉक्स.’ त्यानंतर ‘अ पेअर ऑफ सॉक्स’. या खेळात चौथीची मुलं दमेपर्यंत पळतात आणि व्याकरणाचा नियम त्यांना पाठ करावा लागत नाही.

दुसरी अडचण क्रियापदांची, आणि तिच्यावर मी जास्त वेळ देते. मुलं आजीचा पेहराव सांगतात: लुगडं नेसते, चोळी घालते, फडकी घेते, गजरा माळते, बांगड्या भरते. कोळीवाड्यातली आजोबा मंडळी रुमाल बांधतात. इतकी वेगवेगळी क्रियापदं घरून घेऊन आलेल्या मुलाला इंग्रजीत या सगळ्यांसाठी ‘वेअर’ पुरतं हे कळलं की त्याला हायसं वाटतं. पण नंतर तो ‘वेअर’ आणि ‘पुट ऑन’ यांत गोंधळतो. म्हणून आधी ‘पुट ऑन’ म्हणत रेनकोट चढवायचा. बटणं लावून झाली, हात खाली आले, की मगच ‘आय ॲम वेअरिंग अ रेनकोट’. चढवत असताना एक वाक्य, चढवून झाल्यावर दुसरं. प्रत्येक मूल रेनकोट स्वतः चढवतं तेव्हाच हा फरक त्याचा होतो.

लुगड्याला आणि फडकीला मी इंग्रजी नाव शोधत बसत नाही. ‘माय ग्रँडमदर वेअर्स अ लुगडं,’ हे वाक्य माझ्या वर्गात बरोबर मानलं जातं. इंग्रजीने पायजमा घेतला, शाल घेतली. आमची मुलं आपल्या आजीचं वस्त्र इंग्रजी वाक्यात ताठ मानेने ठेवू शकतात.

दुपारी १.३०

पोषण आहाराची खिचडी. जेवताना धडा नाही. ताटं धुऊन झाल्यावर हात पुसायचा टॉवेल मागताना एखादी ‘गिव्ह मी टॉवेल’ म्हणते, तेव्हा मी फक्त टॉवेल देते.

दुपारी २.१५

आजचा पाहुणा दुसरीतल्या एका मुलाचा बाप. तो तांडेल आहे, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख. त्याची होडी शाकारून किनाऱ्यावर ओढलेली आहे, जाळ्यांची डागडुजी चालू आहे. काल निरोप दिला होता, तसा तो समुद्रावर जातानाचा सगळा पेहराव घेऊन आला आहे: गमबूट, जाड रेनकोट, हातमोजे, लाइफ जॅकेट.

आता उलटा खेळ. सूचना मुलं देणार आणि तांडेल पाळणार. ‘पुट ऑन युअर बूट्स!’ तो गमबूट चढवतो. मराठीत आपण कुठल्याही बंद पादत्राणाला बूट म्हणतो, इंग्रजीत बूट म्हणजे घोट्याच्या वर जाणारा; हा फरक गमबूट समोर असला की एका वाक्यात कळतो. ‘पुट ऑन युअर ग्लव्ह्ज!’ हातमोजे कशाला, असं एक मुलगी विचारते. जाळं ओढताना दोराने तळहात सोलवटतात, तो सांगतो, आणि मासा साफ करताना काटा लागतो. आज मुलं एक इंग्रजी शब्द शिकली आणि बापाच्या कामातली एक गोष्टही.

लाइफ जॅकेटसाठी मी मुद्दाम वेळ राखून ठेवते. या किनाऱ्यावर कपड्यांमधला सर्वांत महत्त्वाचा शब्द कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँचमध्ये, राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होडीत, काशीदला पाण्यातल्या खेळांच्या बोटींवर त्याचं काम पडतं. आमच्यातली काही मुलं उद्या बोटीवर नोकरीला जातील, काही पर्यटकांना बोटीतून नेतील. ‘पुट ऑन युअर लाइफ जॅकेट. फासन द बकल. इज इट टाइट?’ ही तीन वाक्यं प्रत्येक मूल पाहुण्याला एकदा म्हणतं, मग स्वतः जॅकेट घालून बकल लावतं. बकल ‘टक’ असं वाजलं की काम झालं. चौथी सोडून जाणाऱ्या एकाही मुलाला ही वाक्यं येत नाहीत असं होऊ नये, हा माझा हट्ट आहे.

तांडेल परत निघताना चौथीच्या मुलांना मी डंगरीची गोष्ट सांगते. मुंबईच्या डोंगरी भागात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड इंग्रज खलाशांना टिकाऊ वाटलं, त्याचे कामाचे कपडे झाले आणि त्या कपड्यांना इंग्रजीत डंगरीज नाव पडलं. समुद्रावर राबणाऱ्यांच्या अंगावरचा कपडा इंग्रजीने इथूनच नेला, हे तांडेलाच्या मुलाला माहीत असायला हवं.

दुपारी ३.१५

आता गणित आणि इंग्रजी एकत्र. प्रत्येकाने रद्दी वर्तमानपत्रावर आपलं पाऊल ठेवायचं, पेन्सिलीने रेघ ओढायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजायचं. चौथीला मी सांगते की आपल्याकडे चालणाऱ्या बुटांच्या नंबरात एका पूर्ण नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. मुलं आपापलं माप वहीत लिहितात. ही यादी मी सरांकडे देते, म्हणजे बूट घ्यायची वेळ येईल तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या हाती खरी मापं असतील.

मग दुकान मांडायचं. नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर हॅट, शॉर्ट्स आणि स्लिपर्सचे स्टॉल असतात. काही मुलांच्या घरचे तेच करतात. त्यांना गिऱ्हाईक कसं बोलतं ते नेमकं ठाऊक असतं. टोपलीतल्या वस्तूंवर कागदाचे भाव लागतात. ‘हाऊ मच इज धिस हॅट?’ ‘हाऊ मच आर दीज स्लिपर्स?’ दुपारचं ‘धिस’ आणि ‘दीज’ इथे कामाला येतं. ‘टू बिग.’ ‘टू स्मॉल.’ ‘ट्राय धिस.’ कातकरीवाडीवरचा एक मुलगा सकाळपासून तोंडातून शब्द काढत नव्हता. तो दुकानदार झाला आहे आणि गिऱ्हाइकाने भाव पाडायला बघितल्यावर ठासून म्हणतो, ‘नो. हंड्रेड रुपीज.’ दिवसभर त्याने ऐकून घेतलं होतं. बोलायची वेळ त्याची त्याने ठरवली.

संध्याकाळी ४.३०

उजळणी. शब्दभिंतीवर आजचे सहा शब्द चढतात, चित्रं मुलांनीच काढलेली. आधीच्या आठवड्यातले शब्दही आज पुन्हा विचारते. नवा शब्द दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने समोर यायला हवा, नाहीतर तो जातो. म्हणून टोपली ऑगस्टमध्येही निघते, दिवाळीपर्यंत निघत राहते. कातकरी मुलं वीटभट्टीवर जाण्याआधी त्यांच्याकडून हे शब्द शेवटचे घोटून घ्यायचे असतात.

पाचला शाळा सुटते. पायरीवर चपला शोधताना ‘धिस इज नॉट माय चप्पल’ असं वाक्य कानावर येतं. मुलगी आपल्याशीच बोलत असते.

रात्री ९

उद्याचं टाचण. आज कुणी सूचना ऐकून कृती केली आणि कुणी दुसऱ्याचं बघून केली, त्यांची नावं वेगळ्या पानावर लिहिते. बघून करणाऱ्यांना उद्या आधी बोलवायचं. क्लोद्ज या शब्दाला मुलं अजून ‘क्लोथेस’ म्हणतात. त्यावर दहा मिनिटं. शर्ट उद्या, स्कर्ट पुढच्या आठवड्यात.

किनाऱ्यावरच्या, डोंगरातल्या, शहरातल्या कुठल्याही शिक्षक-मित्राला मला एवढंच सांगायचं आहे. पुस्तकातली चित्रं वापरा, पण आपल्या गावात आज जे अंगावर आणि पायात घातलं जातं त्याची एक टोपली जरूर भरा. कपडे मोठ्या मापाचे घ्या, धुऊन ठेवा, प्रत्येक मुलाच्या हातात द्या. कुणाच्या अंगावर काय आहे याची चर्चा वर्गात करू नका. ज्याच्या पायात बूट नाहीत त्यालाही शूज हा शब्द बूट हातात धरूनच मिळाला पाहिजे, आणि तो त्याला इतर मुलांइतकाच ठणठणीत यायला पाहिजे.